पावसाची वर्दी

हवामानशास्त्राचा इतिहास लिहिणारे बहुधा उपकरणांचा इतिहास लिहितात. वायुभारमापक केव्हां आला, तारायंत्र केव्हां जोडलें गेलें, यांचीं वर्षें ते काळजीपूर्वक नोंदतात. परंतु वर्दी निघाली ती कोणासाठीं, हा प्रश्न सहसा विचारला जात नाहीं. आपल्या देशापुरता तरी तोच प्रश्न मुख्य आहे असें आम्हांस वाटतें.

ता. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळलें. हुगळींतील जहाजांची धूळधाण झाली आणि पाण्याच्या लोंढ्यानें नदीकांठचीं हजारों माणसें नेलीं. दुसऱ्याच वर्षीं वादळाची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था झाली. ती झाली हें योग्यच. पण ती बंदरासाठीं होती, हें विसरतां कामा नये. त्या वादळाचा वृत्तांत लिहिणाऱ्या दोघांपैकीं हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे १८७५ त नव्या हवामानखात्याचीं सूत्रें आलीं. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर संपतां संपतां, मेघनेच्या मुखाशीं बाकरगंजचें वादळ आलें. लोंढ्यानें आणि मागाहून पसरलेल्या पटकीनें मिळून मृतांची संख्या लाखांवर गेली. कप्तानाला बंदरावरचा बावटा दिसतो. भातखाचराच्या बांधावर झोंपडी घालून राहणाऱ्या कुळाला तो कोठून दिसणार?

१९०४ त खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराचे आंकडे जुळवून मोसमी पावसाचें भाकीत करण्याची खटपट केली. तो उद्योग असामान्य बुद्धीचा होय. पण त्यांतून निघावयाचें तें यंदा पाऊस बरा कीं उणा एवढेंच. अमुक गांवीं आज दुपारीं आभाळ फाटणार, हें सांगण्याची विद्या अगदीं निराळी. आणि ती नसल्याची किंमत किती, हें मुंबईनें ता. २६ जुलै २००५ रोजीं पाहिलें.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यास अवघा ७३. दोन्ही ठिकाणें एकाच शहरांतलीं! दक्षिणेकडच्या कचेरींतून खिडकीबाहेर पाहणाऱ्याला मिठी नदीच्या कांठीं काय चाललें आहे याची कल्पना येणें शक्यच नव्हतें. त्यांत भरती, उपनगरांतील पाण्यास समुद्राकडे वाट मिळेना. शेंकडों माणसें दगावलीं. असा पाऊस एवढ्याशा पट्ट्यावर कोसळेल, हें कोणींहि आगाऊ सांगूं शकलें नाहीं.

यानंतर मात्र काम झालें. महानगरपालिकेनें जागोजागीं स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविलीं. कुलाब्यास २०१० त डॉप्लर रडार आलें, आणि २०२२ त उपनगरांत वेरावली येथें दुसरें. ढगांतील थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून हें यंत्र पाऊस कोठें व किती जोराचा आहे, आणि ते थेंब यंत्राकडे येत आहेत कीं दूर जात आहेत, हें दाखवितें. त्याच्या साह्यानें पुढील दोन-तीन तासांची सूचना देतां येते. २०२० त सुरू झालेल्या पूरसूचनेच्या योजनेंत तर पावसाच्या अंदाजाशीं भरती, नाले आणि जमिनीचा उंचसखलपणा यांची सांगड घातलेली आहे.

तरीहि संबंध जिल्ह्यास एकच तांबडा इशारा मिळतो, शाळा बंद होतात, दुपारीं लख्ख ऊन पडतें आणि लोक वेधशाळेची थट्टा करतात. ही थट्टा निव्वळ अडाणीपणाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ‘तुरळक ठिकाणीं अति मुसळधार’ ही भाषा हवामानतज्ज्ञांस पुरते. पण कुर्ल्याच्या नाल्याकांठीं तळमजल्याच्या खोलींत राहणाऱ्या बाईला मुलें आणि धान्याचा डबा माळ्यावर केव्हां न्यावयाचा हें ठरवावयाचें असतें. तिला हवें असतें तें एवढेंच: पाणी किती वाजतां, आणि कितव्या पायरीपर्यंत.