गुलाबी न झालेला खांब

मागच्या नोव्हेंबरात मुलुंड पूर्वेच्या एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी मोबाइलचा टॉर्च धरून उकिडवा बसलो होतो. समोर साठी उलटलेले एक स्ट्रक्चरल इंजिनीअर लहानशा हातोडीने खांब ठोकून बघत होते. टक, टक, टक. आवाज खणखणीत होता तोवर ते काही बोलले नाहीत. जिन्याजवळच्या खांबावर मात्र आवाज बद्द आला. सेक्रेटरींची परवानगी आधीच घेतली होती, त्यामुळे तिथला वीतभर गिलावा काढला, काँक्रीटचा थोडा टवका उडवला आणि त्यावर बाटलीतले काही थेंब टाकले.

"गुलाबी व्हायला हवं होतं," ते म्हणाले.

झालं नाही. माझी डिग्री इंजिनीअरिंगची असली तरी कॉम्प्युटरची, त्यामुळे याचा अर्थ त्यांनाच विचारावा लागला. काँक्रीट स्वभावाने अल्कली असतं आणि त्या अल्कलीमुळेच आतली सळी गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि ही अल्कली संपवत आणतो. बाटलीतलं फिनॉल्फ्थॅलिन अल्कली असेल तरच गुलाबी होतं. रंग आला नाही म्हणजे सळीचं कवच गेलं. एकदा सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतूनच फुटतं. बद्द आवाज त्या फुटलेल्या थराचा होता.

दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके मी जवळजवळ घेतलाच होता. टोकन दिलं होतं. आईबाबांची एफडी मोडायची ठरली होती. वकिलाने तीस वर्षांची कागदपत्रं तपासली, शेअर सर्टिफिकेट बघितलं. बँकेचा व्हॅल्युअर येऊन पंधरा मिनिटांत फोटो काढून गेला. या सगळ्यात एकानेही खांबाला हात लावला नव्हता. हे असं का, हे शोधायला लागलो आणि थेट १८८२ सालापर्यंत गेलो.

त्या वर्षीचा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याचं पहिलंच कर्तव्य असं आहे: मालमत्तेत काही महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगायचा. अटी मोजून बघा. विकणाऱ्याला ठाऊकच नसेल तर त्याच्यावर बंधन नाही. आणि 'साधारण काळजी' घेणाऱ्याने घ्यायची. साध्या भिंतींच्या घरात फिरून, ओल बघून, वाशाला टोचून ती घेता येत असेल. आरसीसी खांबाच्या पोटात काय चाललंय हे डोळ्यांना कुठून दिसणार?

पुढे मुंबईत घर तपासणं हे जवळजवळ कुणाचंच काम उरलं नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरू वाचले, हे खरंच. पण दहा-वीस रुपये भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करेल? चाळी खचायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. गिरगाव, भुलेश्वरच्या 'सेस बिल्डिंगी' त्या याच. त्यांची पाहणी आणि दुरुस्ती मंडळाकडे गेली, जे पुढे म्हाडात आलं. पण हे सगळं मुंबई शहरापुरतं होतं. शीव आणि माहीम ओलांडलं की उपनगर सुरू होतं, आणि तिथे उपकरही नाही, मंडळही नाही. उपनगरात लोक भाडेकरू नव्हते, सोसायटीचे सभासद होते, म्हणजे मालक होते. मालकाने आपली इमारत आपण बघावी, असा हिशेब.

माझी ही इमारत १९८१ ची. (माझी कसली म्हणा, पण तेव्हा मनात झालीच होती.) त्या काळात सिमेंट खुल्या बाजारात मिळत नसे, भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं आणि परमिट लागायचं. सिमेंटच्या वाटपावरूनच मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच फेब्रुवारीत केंद्राने नियंत्रण अंशतः उठवलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. आमचे इंजिनीअर त्या वेळी साइटवर नवीन लागले होते. "सिमेंटची गोणी सोन्यासारखी जपायचो," ते म्हणाले. "आणि खाडी जवळ असली की वाळू कुठून यायची ते विचारू नका." खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ सळीला कार्बन डायऑक्साइडपेक्षाही लवकर खातं. एका खांबावरून सगळ्या पिढीच्या इमारतींबद्दल मी बोलणार नाही. तरी त्या काळची इमारत बघायला गेलो की आता मला आधी हेच आठवतं.

उपनगरातल्या इमारतींच्या तपासणीची सक्ती आली ती २००९ च्या सुमाराला. मुंबई महापालिका कायद्यात कलम ३५३ब घातलं गेलं: तीस वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यायचं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही ऑडिट आहे, पंधरा ते तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, त्यानंतर दर तीन वर्षांनी. तरीही २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची इमारत. मुलुंडपासून चार-पाच स्टेशनं.

या सोसायटीचं ऑडिटही होतं. मागितल्यावर तीन आठवड्यांनी दोन पानं मिळाली. 'इमारत राहण्यास योग्य, किरकोळ दुरुस्ती आवश्यक.' आधीच्या ऑडिटमध्येही अक्षरशः हेच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. कॉपी-पेस्ट आम्हीही करतो, पण निदान व्हेरिएबलचं नाव बदलतो. एकाही चाचणीचा आकडा नव्हता.

म्हणून स्वतःचा माणूस आणला. त्यांनी खांबांवर रिबाउंड हॅमर मारला, मग काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून वेग मोजला. साडेतीन किलोमीटर प्रतिसेकंदाच्या वर असेल तर चांगलं, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. बहुतेक खांब ३.४ ते ३.८ मध्ये होते. जिन्याजवळचा २.६. त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, कुणीतरी बाल्कनी आत घेऊन जाड भिंत उभी केली होती.

रिपोर्ट घेऊन मी काकांकडे, म्हणजे विकणाऱ्यांकडे गेलो. काकूंनी चहा ठेवला. काकांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"हे मला देऊ नकोस."

मला वाटलं रागावले. पण ते निवृत्त बँकवाले, त्यांना माझ्या आधी कळलं होतं. आजवर त्यांना दोष माहीत नव्हता. कागद हातात घेतला की माहीत झाला. मग मी नाही घेतलं तरी पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांना तो सांगावा लागणार. दोन टेबलांपलीकडे १८८२ चं कलम बसलंय असं वाटलं. पुण्याला मुलीजवळ घर घ्यायचं त्यांचं सगळं या फ्लॅटवर अवलंबून होतं.

"त्रेचाळीस वर्षं राहतोय इथे, काही झालं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "काका, खाली खांबाजवळ मुलं सायकली लावतात." त्यावर ते काही बोलले नाहीत. काकूंनी कागद उचलून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

एक प्रत मी सेक्रेटरींना दिली. बाहेरचा माणूस कशाला आणलात, हे आधी ऐकून घेतलं. विशेष सभेत पहिल्या मजल्यावरच्या त्या भिंतीवरून दोन तास भांडण झालं म्हणे. पण आठवड्याभरात खांबाला चार लोखंडी टेकू लागले आणि सायकली कंपाउंडच्या भिंतीकडे गेल्या. खांबाला जॅकेटिंग करायचं ठरलंय, वर्गणी अजून जमतेय.

माझं टोकन काकांनी दोन हप्त्यांत परत केलं, एक रुपया न कापता. मी ठाण्यात भाड्यानेच राहतोय. गेल्या रविवारी भांडुपला १९९४ ची एक इमारत बघून आलो. एजंट हॉलमधला सूर्यप्रकाश दाखवत होता, मी खाली पार्किंगमध्ये उभा राहून खांब मोजत होतो. सोळा आहेत. इंजिनीअरांची पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे.