स्तन वाचला, पण तो कसा दिसतो, हे मोजायचे कसे?

१/ सन १८९४. बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनकर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा अहवाल प्रसिद्ध केला. तीत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी एकत्रच काढल्या जात. पुढे कित्येक दशके हीच पद्धत प्रमाण ठरली. जीव वाचला की उपचार यशस्वी. रूपाचा प्रश्न गौणच होता.

२/ १९७३ मध्ये मिलानला उंबर्टो व्हेरोनेसी यांनी या पद्धतीला आव्हान दिले. लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांपैकी निम्म्यांवर हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांच्या स्तनाचा केवळ काही भाग काढून किरणोपचार देण्यात आले. दोन्ही गटांतील जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले, वीस वर्षांनंतरही!

३/ आता नवा प्रश्न उभा राहिला. वाचवलेला स्तन दिसतो कसा? १९७९ मध्ये जे हॅरिस आणि सहकाऱ्यांनी चार श्रेणी सुचवल्या : उत्कृष्ट, चांगला, साधारण, वाईट. मात्र एकाला ‘चांगला’ वाटणारा परिणाम दुसऱ्याला ‘साधारण’ वाटे. नजर म्हणजे मोजपट्टी नव्हे.

४/ १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील रिचर्ड पेझनर यांनी सेंटिमीटरच्या चौकटी आखलेला पारदर्शक तक्ता वापरला. कंठाखालच्या खळग्यापासून दोन्ही स्तनाग्रे किती खाली आणि मध्यरेषेपासून किती दूर, हे त्यावर नोंदवायचे. दोन्ही बाजूंतील फरकांवरून पायथागोरसच्या सूत्राने एक आकडा काढायचा. आकडा जितका मोठा, तितका स्तन अधिक आक्रसलेला.

५/ अशा मोजमापाचे मोल युरोपातील एका मोठ्या चाचणीत दिसले. शस्त्रक्रिया आणि नेहमीचे किरणोपचार झालेल्या ५,३१८ स्त्रियांपैकी निम्म्यांना किरणांची वाढीव मात्रा मिळाली. तिने त्याच स्तनात कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटले, पण स्तनाचे रूप अधिक बिघडले. लाभाची किंमत आता उघडपणे मांडता येऊ लागली.

६/ २००७ च्या सुमारास पोर्तुगालमधील पोर्तो येथे संशोधकांनी छायाचित्रावरून आकार, रंग आणि व्रण यांतील फरक मोजणारी संगणकप्रणाली घडवली.

७/ तरीही एक उणीव राहिलीच. आकडा सममिती सांगतो. आरशासमोर उभ्या स्त्रीला काय वाटते, ते सांगत नाही. म्हणूनच २००९ मध्ये ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली आली. शतकभर इतरांनी पाहिलेल्या देहाविषयी अखेर तिलाच विचारले गेले.