अचलाने घटस्फोट का घेतला नाही?

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. माझ्या कपाटात तिला विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' सापडली. दोन दुपारींत वाचून संपवली आणि मी शेंगा निवडत बसले होते तिथे येऊन म्हणाली, "आजी, या अचलाने सरळ घटस्फोट का नाही घेतला? एवढी शिकलेली आहे ना!"

मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. लाज का, ते पुढे सांगते.

'हिंदोळ्यावर' १९३४ सालची. आदल्याच वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह येऊन मोठी खळबळ उडाली होती. ही विभावरी कोण, हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हते. त्या होत्या बाळूताई खरे, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकलेल्या. विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन मालतीबाई बेडेकर झाल्या त्या पुढे, १९३८ साली. कादंबरीतली अचला नवऱ्यापासून वेगळी झालेली, आणि तिचे मन दुसऱ्या पुरुषात गुंतलेले. लग्नावाचून त्याच्याशी संसार करावा का, मूल होऊ द्यावे का, या हिंदोळ्यावर ती झुलत राहते.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर. अचलाने घटस्फोट घेतला नाही, कारण तो नव्हताच. म्हणजे तिच्यासाठी नव्हता. पारशांसाठी १८६५ साली कायदा झाला, ख्रिश्चनांसाठी १८६९ साली. मराठी मुलखातल्या कितीतरी जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लागत असे. ज्यांना आम्ही मागासलेले म्हणत होतो त्यांच्या बायकांना ही वाट मोकळी होती, आणि पांढरपेशा घरातल्या शिकलेल्या बाईला नव्हती! शास्त्राप्रमाणे तिचे लग्न म्हणजे न सुटणारी गाठ. नवऱ्याला मात्र हवी तर दुसरी बायको करता येई. बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता, पण तो संस्थानापुरता. आपल्या मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी आली १९४६ साली, घटस्फोट १९४७ साली आणि साऱ्या देशाला लागू होणारा हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणजे कादंबरीनंतर तेरा वर्षांनी प्रांतात, एकवीस वर्षांनी देशात.

बाळूताईंना हे सगळे नीट माहीत होते. कादंबरीच्या दोनच वर्षे आधी, १९३२ साली, 'हिंदुव्यवहारधर्मशास्त्र' या ग्रंथाच्या त्या सहलेखिका होत्या. म्हणून मला वाटते, 'हिंदोळ्यावर' ही नुसती मनाच्या ओढाताणीची गोष्ट नाही. कायद्याच्या पुस्तकात जी वाट नाही, ती एका बाईला शोधायला लावली तर काय काय होते, याचा तो हिशेब आहे.

आता लाजेची गोष्ट. १९६८ साली मी बी.ए.ला होते. या कादंबरीवर आम्हाला निबंध लिहायचा होता. मी लिहिले, की नायिका भावनेच्या आहारी जाते, तिच्यात निश्चयाचा अभाव आहे. सरांनी शेरा दिला 'उत्तम'. त्याच पावसाळ्यात आमच्या घरी एक पोस्टकार्ड आले. आत्याचे यजमान गेले होते.

आत्याचे लग्न १९३३ साली झाले, पंधराव्या वर्षी. दोन वर्षांत तिला माहेरी आणून सोडले आणि त्यांनी दुसरे लग्न केले. तिने माहेरी राहून व्हर्नाक्युलर फायनल दिली, लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाली, आम्हा भावंडांची फी भरली. तेहेतीस वर्षांत ज्या माणसाने एक पत्र पाठवले नाही, त्याच्यासाठी तिने त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली आणि कुंकू पुसले. मंगळसूत्र देवघरात नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. आणि मी माझ्या खोलीत बसून अचलाच्या अनिश्चयाबद्दल लिहीत होते! दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मला दिसले नाही.

पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर, तिला धीर करून विचारले, "आत्या, सत्तेचाळीस साली कायदा आला होता. तू का नाही मोकळी झालीस?"

ती म्हणाली, "आला होता ना. पेपरात मीच वाचला, दादांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला आणि म्हणाले, चहा टाक."

"मग?"

"मग चहा टाकला."

दादा म्हणजे माझे आजोबा. ते दुष्ट नव्हते. मुलीला त्यांनीच शिकवले, शाळेत नोकरीला पाठवले. पण एवढ्यापुरते त्यांना ऐकू आले नाही. कायदा दार उघडतो, पण घरातल्या कोणीतरी "जा" म्हणावे लागते, हे मला त्या चहावरून कळले. आत्या तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत ही प्रत सापडली. शाळेच्या पुस्तकांना घालतात तसे खाकी कव्हर, वर नाव काही नाही. आत पहिल्या पानावर तिची सही, माहेरच्या आडनावाची. माझा निबंध तिने कधी वाचला नाही, हे एक बरे झाले.

नातीला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, मी पुस्तक पुन्हा वाचते." प्रत तिला देऊन टाकली आहे. खाकी कव्हर काढू नकोस, एवढेच सांगितले.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी आत्या किंवा मावशी असेल, जिच्याबद्दल "ती माहेरीच असायची" एवढेच सांगितले जाते. तिला ओळखणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या.