काळी वस्तू कशी काढावी?

काळी वस्तू काढायची म्हणजे काळा रंग घ्यायचा आणि भरायचा, असे आपल्याला वाटते. पण अगदी काळ्या रंगावरूनही शंभरातले चार-पाच भाग उजेड परत येतो. सगळीकडे सारखा काळा फासला, की वस्तूऐवजी कागदाला भोक पडल्यासारखे दिसते.

चित्रकारांना हे फार पूर्वी उमगले होते. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०८ साली जोडलेल्या हातांचे प्रसिद्ध चित्र निळ्या कागदावर काढले. मधली छटा कागदानेच दिली. त्याने फक्त गडद शाई आणि उजेडासाठी पांढरा रंग वापरला.

याचे गणित मांडले ते योहान लाम्बर्टने. हा म्यूलूझ गावच्या शिंप्याचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली, पुढचे सारे स्वतःच शिकला. १७६० सालच्या ‘फोटोमेट्रिया’ या त्याच्या ग्रंथात नियम आहे : चमक नसलेला पृष्ठभाग दिव्यासमोर असेल तर सर्वात उजळ, कलत जाईल तसा मंद. आणि तुम्ही कुठूनही पाहा, तो सारखाच उजळ दिसतो. चकचकीत वस्तूचे तसे नसते. तिच्यावर दिव्याचे प्रतिबिंब चमकते आणि आपण सरकलो की तेही सरकते.

आम्हा शिक्षकांना हा नियम फळ्यावर रोज दिसायचा. नवा रंग दिलेला फळा प्रत्येक बाकावरून नीट दिसे. घासून गुळगुळीत झाला की खिडकीचा उजेड त्यावर चमके आणि कडेची मुले माना वाकड्या करत. त्यांना अक्षरच दिसत नसे, पण त्यांना ‘ढ’ ठरवणारे कमी नव्हते!

१९९२ साली आयबीएमचा थिंकपॅड आला. रिचर्ड सॅपर यांच्या कल्पनेतला हा काळा, अजिबात न चमकणारा डबा. तो कागदावर उतरवायचा तर वरची बाजू गडद करडी, बाजूची त्याहून गडद, छटा हळूहळू बदलणारी. कडांवर बारीक उजळ रेघ. निव्वळ काळा फक्त फटींत आणि वस्तू टेबलाला टेकते तिथे. मध्येच एक पांढरा ठिपका पडला, की झाले चकचकीत प्लॅस्टिक!

लाम्बर्टचा नियम आज संगणकावरची चित्रे करणारेही वापरतात. शाळा सुटलेल्या मुलाची ही देणगी आहे. म्हणून म्हणतो, कडेच्या बाकावर कोण बसले आहे, ते सांगता येत नाही.