घड्याळ, कपबशा आणि हशा : घरकामाच्या खेळाचा इतिहास

#थ्रेड

१/ मार्च १९५०. अमेरिकेत सीबीएस दूरचित्रवाणीवर ‘बीट द क्लॉक’ हा कार्यक्रम सुरू झाला. साधी जोडपी मंचावर येत. बशा, पेले, फुगे, फेटलेली साय अशा घरगुती वस्तू घेऊन एखादे हास्यास्पद काम त्यांना करावे लागे, तेही बहुधा साठ सेकंदांच्या आत. शेजारी भलेमोठे घड्याळ धावत असे. सूत्रसंचालक होते बड कॉलियर. रेडिओवरील सुपरमॅनचा आवाज त्यांचाच.

२/ सारा गोंधळ उत्स्फूर्त भासे, परंतु त्यामागे काटेकोर तयारी होती. फ्रँक वेन आणि बॉब हॉवर्ड ही कामे रचत. ती आधी इतरांकडून करवून घेतली जात आणि त्यावरून वेळ ठरे. या चाचण्यांसाठी काम शोधणारे होतकरू नट येत. त्यांत जेम्स डीनही होता. तो इतका चपळ निघाला की त्याच्यावरून सामान्य स्पर्धकाचा अंदाज बांधता येईना. म्हणून त्याला काढण्यात आले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

३/ मात्र घरकामामागे घड्याळ लागले ते याच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा ती थट्टा नव्हती. फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यात कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉचने मोजल्या. १९१२ मध्ये ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी ‘लेडीज होम जर्नल’मधील लेखमालेतून तीच पद्धत स्वयंपाकघरात आणली. भांडी घासताना किती पावले पडतात, किती वेळा वाकावे लागते, हेही मोजले जाऊ लागले.

४/ आश्वासन होते वेळ वाचवण्याचे. पुढे धुलाईयंत्रे आली, फ्रीज आले. वेळ वाचला का? १९७४ मध्ये संशोधक जोअॅन व्हानेक यांनी जुन्या पाहण्यांची तुलना केली. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करी. १९६० च्या दशकात सुमारे ५५ तास! यंत्रांबरोबर स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या आणि पूर्वी नोकर किंवा धोबी करीत ती कामे गृहिणीकडे परतली.

५/ या पार्श्वभूमीवर मंचावरचे ते घड्याळ पाहावे. जे घरात मुकादम होते, ते येथे खेळणे झाले. हशा पिकत असे, कारण कपबशी सांभाळणे म्हणजे काय, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. १९५० मध्ये अमेरिकेतील जेमतेम ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी होती. १९६० पर्यंत ती दहापैकी जवळजवळ नऊ घरांत पोहोचली. कार्यक्रमाची प्रायोजक सिल्व्हेनिया कंपनी दूरचित्रवाणी संचही विकत असे, हा योगायोग नव्हे.

६/ १९७१ मध्ये बीबीसीने एका डच कार्यक्रमावरून ‘द जनरेशन गेम’ आणला. येथे आधी कसबी माणूस मातीचे भांडे घडवून किंवा केक सजवून दाखवी. मग एकाच कुटुंबातील दोन पिढ्यांचे स्पर्धक तेच करू पाहत आणि फजिती होई. त्या हास्यात कसबाला दिलेली दादही होती.

७/ महाराष्ट्रात २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ने वेगळी वाट धरली. स्पर्धक स्टुडिओत जाण्याऐवजी आदेश बांदेकरच घरोघरी गेले. सोप्या, गमतीदार खेळांत जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी मिळे. जिचे काम एरवी कुणाच्या नजरेत येत नाही, तिचे नाव संध्याकाळी राज्यभर ऐकू येई.

८/ खेळाबाहेरचा हिशेब मात्र निराळा आहे. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार ८१ टक्के स्त्रिया बिनमोल घरकाम करीत होत्या, त्याही दिवसाला सरासरी २९९ मिनिटे. पुरुषांपैकी असे काम करणारे २६ टक्के, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे. ‘बीट द क्लॉक’मध्ये मिनिटभराच्या धडपडीला टाळ्या आणि बक्षीस मिळे, या २९९ मिनिटांना ‘काम’ म्हणून मोजायलाही देशव्यापी सर्वेक्षण व्हावे लागले.