मिळवती कोण आणि कर्ता कोण?

आयोजकांनी मला आजचा विषय प्रश्नाच्या रूपातच दिला आहे: घरातली मुख्य मिळवती व्यक्ती आपण असावं, हे आजच्या तरुण मुलींना कसं वाटतं? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. मुलींच्या मनात काय चाललंय हे मी सांगू शकत नाही, ते त्याच सांगतील. पण या प्रश्नाच्या मागे बहुतेक वेळा एक आरोप दडलेला असतो, आणि त्या आरोपाबद्दल इतिहासाला बरंच काही म्हणायचं आहे.

आरोप तुमच्या ओळखीचा आहे. वधूवर मेळाव्यात, घरच्या बैठकीत, कुठेही ऐकू येतो. "मुलींना समानता हवी असते, स्वतः उत्तम कमावतात, पण स्थळ बघताना मुलाचा पगार आपल्यापेक्षा जास्तच पाहिजे. हा दुटप्पीपणा नाही का?"

आधी एक पाहणी सांगतो. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० प्रौढ माणसांना काही प्रश्न विचारले. पैसे कमावणं ही दोघांचीही जबाबदारी आहे, असं ५४ टक्के म्हणाले. ती मुख्यतः पुरुषाची आहे, असं ४३ टक्के म्हणाले. पण नोकऱ्या कमी असतील तर पुरुषांचा हक्क आधी, या विधानाला ८० टक्के लोकांनी होकार दिला. आणि यात बायकांची उत्तरं पुरुषांपेक्षा फार वेगळी नव्हती. म्हणजे कमावणं दोघांचं, पण ओढाताण झाली की ते त्याचं. ही समजूत आली कुठून? "आपली परंपराच तशी आहे" हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. कारण आपल्याकडे बायकांच्या कमाईवर चाललेली घरं कधीच दुर्मिळ नव्हती. त्या घरांचं पुढे काय झालं, ते बघू या.

हिशेबात न धरलेली कमाई

सुरुवात मुंबईच्या गिरणगावापासून करू. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. वायंडिंग आणि रिळिंग या खात्यांत प्रामुख्याने बायकाच होत्या. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई असे, तिला नायकीण म्हणत. यातल्या अनेकजणी विधवा होत्या, काही टाकलेल्या, काहींचे नवरे आजारी किंवा बेकार. म्हणजे घर त्यांच्याच पगारावर.

पुढच्या पन्नास वर्षांत हे प्रमाण घसरत अगदी नगण्य झालं. बायकांच्या रात्रपाळीवर कायद्याने बंदी होती आणि गिरण्या पाळ्या वाढवत गेल्या. नवी यंत्रं आली ती बायकांच्याच खात्यांत माणसं कमी करत आली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण भत्ता मालकाने द्यायचा होता, त्यामुळे मालकाच्या लेखी बाई कामगार महाग ठरली. आणि या सगळ्याला आधार देणारी एक समजूत होती: बाईचा पगार म्हणजे जोडउत्पन्न. तो गेला तर घर बसत नाही.

या समजुतीला पुढे सरकारी आकड्यांचं रूप मिळालं. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. मालक, कामगार संघटना आणि सरकार, तिघेही हजर होते. किमान वेतन कसं ठरवायचं याचे निकष तिथे ठरले. ते आजही कामगार कायद्याच्या वर्गात शिकवले जातात. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-एककं धरायची. माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांच्या घराला ७२ वार. अन्न इतकं, घरभाडं इतकं. आणि त्याच निकषात एक वाक्य होतं: स्त्रिया, मुलं आणि किशोरवयीन यांची कमाई हिशेबात धरू नये.

यामागचा हेतू वाईट नव्हता, हे नीट लक्षात घ्या. बायको कमावते, पोरगं कमावतं, असं दाखवून मालकाने कामगाराचा पगार पाडू नये, म्हणून ते वाक्य होतं. कामगार चळवळीच्या दृष्टीने तो विजयच होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष मान्य करून त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण अशा गोष्टींसाठी २५ टक्क्यांची भरही घातली. पण त्या वाक्याची दुसरी बाजू बघा. घर चालवणारा एकच, आणि तो पुरुष, हे चित्र आता देशाच्या वेतनाच्या गणितात पक्कं झालं. ज्या घरात बाईच कमावती होती, त्या घरासाठी या गणितात जागाच नव्हती.

आणि अशी घरं होती. त्याच गिरणगावात हजारो एकट्या कामगारांना जेवण कोण घालत होतं? खानावळवाल्या बायका. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या. वाण्याकडे उधारी, सावकाराकडे व्याज, आणि पगार झाल्यावर गिऱ्हाइकांचे पैसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर बँकेच्या दृष्टीने या बायका धंदा करतच नव्हत्या, त्या फक्त स्वयंपाक करत होत्या. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. तेव्हा किती घरांची चूल धुणीभांडी, शिवणकाम, भाजी विकणं आणि डबे यांवर पेटत राहिली, ते लालबाग-परळच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. पण त्या बाईला कोणी घरची कर्ती म्हणालं नाही. म्हणाले, "बिचारीने संसार सावरला."

संकटाची खूण

आता मध्यमवर्गाकडे येऊ. इथली गोष्ट वेगळी आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तिथे बायका शिक्षिका आणि परिचारिका होऊ लागल्या. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या नोकरीचा पाया या संस्थांनी घातला, यात शंका नाही.

पण या नोकरीचं समर्थन कशाच्या आधारावर केलं गेलं? विधवेला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून. म्हणजे नवरा नाही, म्हणून नोकरी. समाजाला पटवायला तेव्हा हा युक्तिवाद लागतच होता. पण त्याचा एक ठसा मागे राहिला. पांढरपेशा घरात बाई मुख्य मिळवती असणं म्हणजे घरावर काहीतरी कोसळलंय, अशी खूण ठरून गेली. पुढच्या पिढ्यांमध्येही तेच. वडील गेले म्हणून मोठी बहीण नोकरीला लागली, भावंडांची शिक्षणं केली, स्वतःचं लग्न राहून गेलं. ही ताई आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात आहे. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं. तिच्यासारखं व्हावं असं मात्र कोणी आपल्या मुलीला सांगितलं नाही.

कमाई तिची, किल्ली कोणाकडे?

तिसरं उदाहरण कलावंत बायकांचं. इथे बाईची कमाई जोडउत्पन्न नव्हती आणि संकटातली सोयही नव्हती. गाणाऱ्या-नाचणाऱ्या नायकिणींच्या घराण्यांत मुख्य उत्पन्न बाईचंच असे, आणि घर आईकडून मुलीकडे जाई. त्यासाठी त्या मुलगी दत्तक घेत. १८८० मध्ये मथुरा नायकीण विरुद्ध ईसू नायकीण या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असं दत्तक मानायला नकार दिला. न्यायालयाचं कारण नीतीचं होतं. त्या जीवनात मुलींचं शोषण होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण निकालाचा आणखी एक परिणाम होता. बाईच्या कमाईवर उभं राहिलेलं घर बाईच्याच वारसाने पुढे नेण्याची वाट कायद्याने बंद झाली.

पुढे सिनेमा आला. हंसा वाडकर लहान वयातच घरच्या ओढाताणीपायी चित्रपटात आल्या. 'सांगत्ये ऐका' हा त्यांचा १९५९ चा चित्रपट तुफान चालला. त्याच नावाचं त्यांचं आत्मकथन १९७० मध्ये आलं आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. कमावणारी बाई आणि तिच्या कमाईवर चालणारं घर, यांचं नातं मराठीत इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितलं आहे. पडद्यावर नाव तिचं, पैसा तिचा, आणि तरी घरात तिला स्वतःची म्हणावी अशी जागा नाही.

हे एका घरापुरतं दुर्दैव होतं का? नाही. कायदाच तसा होता. कात्यायनाचं वचन असं, की बाईने कारागिरीतून मिळवलेल्या धनावर नवऱ्याचं स्वामित्व. इंग्रजी न्यायालयांनी हिंदू कायदा लावताना लग्न झालेल्या बाईच्या अशा कमाईवर नवऱ्याचा ताबा मानला. १८७४ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आला. त्याच्या कलम ४ ने बायकोचा पगार आणि कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता ठरवली. छान! पण हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना तो कायदा लागूच नव्हता. पुढे १९२३ मध्ये त्यातलं एक कलम देशभरातल्या हिंदू-मुस्लिमांना लागू केलं गेलं. कोणतं? नवऱ्याने बायकोच्या नावाने काढलेल्या विम्याचं. त्याने तिच्यासाठी ठेवलेल्या पैशाला संरक्षण मिळालं. तिने स्वतः मिळवलेल्या पैशाचं कलम होतं तिथेच राहिलं.

हिंदू स्त्रीला ते मिळायला १९५६ साल उजाडावं लागलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने, स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेचीही ती पूर्ण मालक झाली. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं होतं. मग तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं, त्यातला हा एक तुकडा. १९५६ म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही. इथे बसलेल्या मुलींच्या आज्यांचा काळ.

आणि 'कर्ता' या शब्दाचं काय? मराठीत 'कर्तीसवरती' बाई असते, म्हणजे हुशार, कामसू. पण एकत्र कुटुंबाचा 'कर्ता' हे कायद्यातलं पद आहे, आणि ते पुरुषाचंच होतं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की थोरली मुलगीही कर्ता होऊ शकते.

मग दुटप्पी कोण?

आता आरोपाकडे परत येऊ. आपल्याकडे बाई मुख्य मिळवती होती तेव्हा तीन गोष्टी घडल्या. तिची कमाई हिशेबात धरली नाही. ती कमाई संकटाची खूण मानली. आणि त्या कमाईवरचा ताबा तिच्याकडे राहिला नाही. कायद्यातला ताबा आज तिच्याकडे आहे. मग आता अडचण काय?

अडचण वेळेची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरातले सव्वीस. पूर्वी बाई मुख्य मिळवती झाली तेव्हा तिचं हे काम कोणी उचललं नाही. खानावळवाली बाई गिऱ्हाइकांचा स्वयंपाक झाल्यावर घरचा करत होती.

हे सगळं पाहिल्यावर एखादी मुलगी म्हणाली, की मला जास्त कमावणारा नवरा हवा, तर तिला लगेच दुटप्पी म्हणू नका. कमवायला ती घाबरत नसेल. कमाईही आपली, पाच तासांचं घरकामही आपलं, आणि वर त्याचा मान दुखावला तर समजूत काढणंही आपलंच, या व्यवहाराला ती घाबरत असेल. हा हिशेब तिने तिच्या घरातल्या बायकांकडे बघून शिकलेला आहे.

पण मुलींनाही एक सांगतो. जास्त पगाराचा नवरा हे या अडचणीचं उत्तर नाही. त्याने फक्त जुनं गणित पुन्हा मांडलं जातं, ज्यात तुमची कमाई धरलेलीच नसते. मूल झालं, बदली झाली, सासरे आजारी पडले, तर कोणाची नोकरी सुटेल? ज्याचा पगार कमी त्याची. म्हणजे स्थळ बघतानाच तुम्ही तुमची नोकरी सोडण्याचं कारण तयार करून ठेवता.

म्हणून स्थळ बघताना पगाराचा आकडा विचारा, पण तिथे थांबू नका. स्वयंपाक कोण करणार? खातं कोणाच्या नावावर असेल? तुझी नोकरी गेली आणि माझ्या पगारावर दोन वर्षं घर चाललं, तर तुझ्या आईला ते कोण सांगणार? मुलांनो, हे प्रश्न तुम्हालाही आहेत. बायकोच्या जिवावर जगतो, हे वाक्य तुम्हाला शिवी म्हणून शिकवलं गेलं. नवऱ्याच्या जिवावर जगणं मात्र अर्ध्या समाजाला संसार म्हणून शिकवलं गेलं. दोन्ही वाक्यांमधला व्यवहार एकच आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वजनाने उच्चारता आली, की मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलींना खुशाल विचारा.