'वर' आणि 'अप'

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतून 'अपडाऊन' हा शब्द नित्य कानी पडतो. राहणे एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी, अशा मनुष्यास "सध्या अपडाऊन करतो" एवढे सांगितले की पुरे होते. दोन्ही गावांत अंतर सुमारे वीस किलोमीटर. धारवाड हुबळीहून उंचावर वसले असल्याने धारवाडला जाणे ते 'अप' आणि हुबळीस उतरणे ते 'डाऊन', असे एखादा परका समजेल. बोलणाऱ्याच्या मनात मात्र चढउताराचा विचारही नसतो. चढाशी संबंध न उरलेला हा चढाचा शब्द मराठीत का टिकला, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपला 'वर' पाहू. संस्कृत 'उपरि', प्राकृत 'उवरि' आणि मराठी 'वर' अशी याची वंशपरंपरा आहे. ग्रीक 'हायपर', लॅटिन 'सुपर' आणि इंग्रजी 'ओव्हर' हेही त्याच कुळातले. म्हणजे आमचा 'वर' व त्यांचा 'ओव्हर' हे दूरचे भाऊबंद होत. 'वरिष्ठ' या शब्दास मात्र कित्येक जण याच 'वर'चे अपत्य समजतात, ते योग्य नव्हे. तो स्वतंत्र संस्कृत शब्द आहे.

'वर'चा अर्थ आपल्या लोकांना भूमीनेच शिकविला. कोकणातला मनुष्य 'वर घाटावर' जातो आणि देशावरचा 'खाली कोकणात' उतरतो. कन्नड किनारपट्टीवरही 'घट्टद मेले' म्हणजे घाटावर, असा प्रयोग आहे. त्या 'मेले'च्या मुळाशी असलेल्या 'मेल्' या द्राविडी धातूपासून तमिळमध्ये पश्चिमेचे नाव झाले, व 'खाली' या अर्थाच्या 'कीळ्'पासून पूर्वेचे. कारण त्या देशाची जमीन पश्चिमेकडील सह्याद्रीकडे चढत जाते. जशी जमीन तशी दिशा, हा या सर्व भाषांचा जुना न्याय होय.

'अप'चा न्याय निराळा. इंग्लंडात लंडनकडे जाणे म्हणजे 'अप' जाणे, मग वाट चढाची असो वा उताराची. ही चाल तेथील आगगाड्यांनी उचलली. 1853 मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि तिच्यामागून ही परिभाषाही रुजली. लंडनच्या जागी येथे मुंबई आली. 1863 मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर तर मोठा विनोद घडला. खंडाळ्याहून 37 फुटांस एक फूट अशा तीव्र उताराने कर्जतकडे उतरणारी गाडी कागदोपत्री 'अप' ठरली, आणि इंजिनांना धाप लागेल असा तोच चढ चढणारी 'डाऊन'! पुढे 1930 मध्ये सुरू झालेली डेक्कन क्वीनदेखील पुण्याहून घाट उतरत मुंबईस येताना 'अप'च असे. येथे 'अप' म्हणजे उंचीकडे नव्हे, तर सत्तेच्या ठाण्याकडे.

हे ठाणे कसे फिरते, याचा अनुभव धारवाडइतका क्वचितच कोणास असेल. 1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेची मुख्य कचेरी धारवाडात होती. आजच्या कर्नाटक कॉलेजची भव्य इमारत ती हीच. हुबळीस 1885 मध्ये रेल्वेचा कारखाना निघाला. 1908 मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी एकत्र झाली, नव्या कंपनीचे मुख्य ठाणे मद्रासेस राहिले आणि धारवाडचे मानाचे स्थान गेले. 2003 मध्ये दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीस झाले. डोंगर जागचा हलत नाही, कचेरी हलते. जे रेल्वेचे, तेच भाषेचे. मुंबई इलाख्यात असताना धारवाडच्या शाळा-कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता आणि त्याविरुद्ध कन्नडच्या रक्षणार्थ 1890 मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेने हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एकेकाळी 'वरची' असलेली मराठी आज तेथे घरातली भाषा आहे. ही गोष्ट आपण मराठी लोकांनी नम्रतेने लक्षात ठेवावी.

अशा घरातली शब्दांची वाटणी पाहण्यासारखी आहे. फडताळातला डबा 'वर' असतो, पाहुणा 'माडीवर' निजतो, आगगाडीत मात्र 'अप्पर बर्थ' लागतो. शेजारच्या कन्नड घरात माडीस 'महडी' म्हणतात, आणि या दोन शब्दांचे नाते कानालाच पटते. भाव 'चढतात', सूर 'वर' लागतो, आणि 'ऊर्ध्व' हा ग्रंथांतच राहतो. इंग्रजी शब्द आला तो यंत्राबरोबर आणि वेळापत्रकाबरोबर. 'वर'च्या जुन्या वतनाला त्याने हात लावला नाही.

शिक्षकबंधूंस आमचे सांगणे याच कारणासाठी आहे. 'भाषाशुद्धि-विवेक' हा माधवराव पटवर्धनांचा ग्रंथ 1938 मध्ये निघाला, पण परक्या शब्दांचा तो वाद अद्याप निवालेला नाही. विद्यार्थ्याने निबंधात 'अपडाऊन' लिहिले म्हणून ते खोडून 'वरखाली' लिहिल्यास अर्थाचा अनर्थ होईल, कारण मराठीत जीव वरखाली होतो, नोकरदार नव्हे. रोजची 'ये-जा' हा शब्द जवळ आहे. तो अवश्य सुचवावा. परंतु ज्या गाडीचा 'अप' घाट उतरतो, तिला 'वर जाणारी' म्हणणे ही शुद्धी नव्हे, चूक होय. परका शब्द आपल्या शब्दाची जागा बळकावतो की मोकळ्या जागी येऊन बसतो, हे आधी पाहावे आणि मगच लाल शाईला हात घालावा.